हे होईल कुणाला?

लघुउद्योजक संघाचे माननीय अध्यक्ष महोदय, आपला अभ्यास बाजूला ठेवून आमच्यासाठी लांबून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापक बाई, व्यासपीठाच्या मधल्या खुर्चीत केवळ आमच्या आग्रहाला मान देऊन, म्हणजे खरं तर नाइलाजाने बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या वहिनी, संघाचे सर्व पदाधिकारी, आमच्या बुटांच्या कारखान्यातले आजी-माजी कारागीर, आणि एका पायाच्या मापापायी का होईना, पण आमच्याशी नातं जोडून बसलेली आमची सगळी गिऱ्हाइकं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मला ओळखणारे आत्ताच हसले, ते मी पाहिलं. ज्या माणसाला बुटाची नाडी कशी बांधावी हे सांगायला अर्धा तास लागतो, त्याला दहा मिनिटं देणं हा अध्यक्षांचा मोठा आशावाद आहे. मी प्रयत्न करतो. वहिनींनी निघताना मला बजावलंय, "भाऊजी, माझं कौतुक करायचं नाही. कारखान्याबद्दल बोला." मी हो म्हणालो. पण गेली एकतीस वर्षं ज्या बाईंनी तो कारखाना चालवला, त्यांना वगळून कारखान्याबद्दल बोलायचं तर मला नुसतं पत्र्यांबद्दल आणि भिंतींबद्दल बोलावं लागेल. तेव्हा वहिनी, हो म्हणालो ते चुकून म्हणालो असं समजा.

वहिनी का चालल्यात हे बहुतेकांना माहीत आहे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात खात आत आणली. आता समोरच्या माणसाचा फक्त चेहरा दिसतो, तोही उजेड चांगला असेल तर. परवा त्या लेकीकडे, माझ्या पुतणीकडे राहायला जातायत. लांब आहे. डॉक्टर तिथे चांगले आहेत. हे सगळं बरोबरच आहे. बरोबर असलेल्या गोष्टीचा इतका त्रास का व्हावा, हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

नव्या पाहुण्यांसाठी थोडी माहिती. आमच्या कारखान्यात बुटांची जोडी मिळत नाही. म्हणजे मिळते, पण दोन्ही बूट सारखे असतील याची खात्री आम्ही देत नाही, उलट नसतील याची देतो. ज्यांचा एक पाय लहान, एक मोठा. एक आखूड, एक लांब. ज्यांना एकच पाय आहे. ज्यांच्या एका टाचेला दोन बोटं जास्तीची जाडी लागते, त्यांच्यासाठी आम्ही बूट करतो. प्रत्येक पायाचा लाकडी फरमा असतो, म्हणजे लाकडात कोरलेला तो पायच. त्या फरम्यावर चामडं ताणून बूट तयार होतो. फरम्यावर नंबर असतो, आणि त्या नंबराचं एक कार्ड वहिनींच्या पेटीत असतं. आज त्या पेटीत सोळाशेहून जास्त कार्डं आहेत.

पण सुरुवात अशी नव्हती. सुरुवात माझी होती, त्यामुळे ती भव्य होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की जग माझीच वाट बघतंय. एका गाळ्यात मी रबरी तळाचे खेळाचे बूट काढले. ते जमेनात म्हणून बायकांच्या सँडल काढल्या. त्या सुरू व्हायच्या आत पट्टे काढले, मग प्रवासी बॅगा. दोन वर्षांत गाळ्याचा बोर्ड चार वेळा रंगवला. रंगाऱ्याला वाटायचं, हा माणूस रंगाचं दुकान चालवतो. ते रंगारी आज तिसऱ्या रांगेत बसलेत, हसतायत, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. माझ्यात हिंमत नव्हती असं म्हणायची कुणाची छाती नाही. उडी मारायला मी कायम तयार. खाली पाणी आहे का जमीन, हे बघण्यात वेळ घालवणं मला कमीपणाचं वाटायचं.

मागच्या खोलीत माझा मोठा भाऊ, दादा, फरमे कोरायचा. दादासारखा फरमा कोरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बोलायचा कमी. त्याचा डावा पाय लहानपणच्या आजारात आखडला होता. उजवा सात नंबरचा, डावा पाच नंबरचा आणि दोन बोटं आखूड. स्वतःसाठी बूट घ्यायचे तर तो दोन जोड्या घ्यायचा, एक सातची, एक पाचची. प्रत्येकातला एक घालायचा आणि उरलेले दोन माळ्यावरच्या खोक्यात टाकायचा. डाव्या बुटाच्या तळाला जाड तुकडा स्वतः ठोकायचा. आम्ही बूट करणारे दोघे भाऊ, आणि त्यातला एक बाजारातून बूट आणत होता, कारण माझ्या कारखान्यात त्या आठवड्यात बॅगा चालू होत्या. यात काही विचित्र आहे हे आम्हाला दोघांनाही कधी वाटलं नाही.

वहिनी लग्न होऊन घरात आल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माळा साफ करायला काढला. खोकं खाली आलं. चौदा बूट, कोरे करकरीत. सात डावे, सात नंबरचे. सात उजवे, पाच नंबरचे. एकही कुणी घातलेला नाही. दादा लाजून इकडेतिकडे बघायला लागला. मी म्हणालो, "टाकून द्या हो वहिनी, ते निरुपयोगी आहेत." वहिनींनी एक डावा हातात घेतला, एक उजवा घेतला, दोन्ही समोर धरले आणि विचारलं,

"हे होतील कुणाला?"

मी हसलो. म्हटलं, कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं? यांचा डावा लहान आणि उजवा मोठा आहे ना? मग कुठेतरी कुणाचा तरी डावा मोठा आणि उजवा लहान असेलच की."

मंडळी, मी धंद्यावरची भाषणं पुष्कळ ऐकली. स्वतः केलीसुद्धा, याच माइकवर. पण आमच्या कारखान्याचं धोरण ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी माळ्याखाली उभ्या असलेल्या एका नव्या सुनेच्या हातात धूळ पुसायचं फडकं होतं.

गाळ्याच्या काचेवर आम्ही कागद लावला: "ज्यांचा डावा पाय मोठा व उजवा लहान आहे, त्यांनी कृपया आत यावे." अडीच महिने कुणी आलं नाही. येणारे-जाणारे वाचून हसायचे. आणि मग एका दुपारी, चार वेळा माझा बोर्ड रंगवलेले हे आपले रंगारी आत आले. चार वेळा शिडीवर चढले-उतरले, पण मी त्यांच्या पायांकडे कधी बघितलं नव्हतं. डावा सात, उजवा पाच. उजव्या बुटात ते चिंध्या कोंबायचे. दादाने खोक्यातले दोन बूट त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी घातले, गाळ्यात तीनदा येरझाऱ्या घातल्या, आणि खाली बसले. मग म्हणाले, "शिडीवर आता भीती नाही वाटायची." दादा मागच्या खोलीत निघून गेला. मी बघायला गेलो तर पाठ करून उभा होता.

त्यानंतर आमच्याकडे एक रीत पडली. मी सकाळी नवी कल्पना घेऊन यायचो. माझ्याकडे रोज एक असायची, ज्या दिवशी नसायची त्या दिवशी मला बरं वाटत नसे. मी दारातूनच सुरू करायचो, "वहिनी, आपण आता असं करायचं..." वहिनी कार्डातून मान वर न करता एकच शब्द म्हणायच्या. "कुणाला?" म्हणजे हे होणार कुणाला? तो माणूस कोण? दिवसभर उभा असतो की बसलेला? जिने चढतो? त्याच्यासाठी दुसरं कुणी करतंय का? मला उत्तर देता आलं तर काम सुरू. नाही आलं तर कल्पना घरी परत. दहातल्या आठ परत जायच्या. उरलेल्या दोन मात्र जोरात चालायच्या, कारण त्यांना जायचं कुठे हे माहीत असायचं. पायाचं चित्र कागदावर काढून पोस्टाने मागवायचं, ही कल्पना माझी. पण चित्राबरोबर त्या माणसाने आपला दिवस कसा जातो ते चार ओळींत लिहायचं, ही अट वहिनींची. त्यामुळे त्यांच्या कार्डावर मापाच्या आधी माणूस असतो. "शिंपीण. उजवा पाय दिवसभर मशीनच्या पायडलवर." "शाळेतले शिक्षक. तीन मजले. बसणं आवडत नाही."

या "कुणाला"ची एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमचे चामड्याचे व्यापारी, ते बघा, दुसऱ्या रांगेत, फोन करायचे, नवीन माल आलाय, घेता का? मी म्हणायचो, "थांबा, आधी आमचं 'कुणाला' विचारून होऊ दे, मग सांगतो." ह्या गृहस्थांनी ऐकलं 'कुणालला'. त्यांची अशी समजूत झाली की आमच्याकडे कुणी कुणाल म्हणून कडक भागीदार आहे, त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. सहा वर्षं त्यांचं नवीन वर्षाचं कॅलेंडर यायचं, वर लिहिलेलं: "मा. कुणालसाहेब, भागीदार, यांस." वहिनी ते कॅलेंडर आपल्या टेबलामागे लावायच्या. कारागीर त्यांना पाठीमागे कुणालसाहेब म्हणायचे. त्यांच्या तोंडावरही एक-दोनदा निसटलं, तेव्हा त्या हसल्या होत्या.

आपण हसताय, मीही हसायचो. पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. एकतीस वर्षांत वहिनींना कागदोपत्री भागीदार मी कधीच केलं नाही. घरचंच माणूस, त्यात कागद कशाला, असं म्हणत राहिलो. त्यांना भागीदार मानणारा जगात एकच माणूस होता, आणि तोही ऐकण्यात चुकला होता.

आता प्राध्यापक बाईंविषयी. तीन वर्षांपूर्वी बाई आमच्याकडे प्रश्नावली घेऊन आल्या. लहान कारखाने का चालतात आणि का बुडतात, याचा त्यांचा अभ्यास. पहिल्या पानावर मालकाच्या वृत्तीचे प्रश्न. नवं करून बघायला आवडतं का? धोका पत्करता का? दुसऱ्याच्या आधी पाऊल टाकता का? एक ते पाच गुण द्या. मी सगळीकडे पाच दिले, एका ठिकाणी सहा दिले, बाईंनी ते खोडलं. शेवटच्या पानावर कारखाना कसा चाललाय त्याचे प्रश्न. वहिनी बाजूला कार्डं लावत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, एक विचारू? पहिल्या पानावर भाऊजींचा स्वभाव आहे, शेवटच्या पानावर कारखान्याची तब्येत. मधलं पान कुठाय?" बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्या मधल्या पानासाठीच तर मी दारोदार फिरतेय." आत्ता आपल्या भाषणात बाईंनी तेच सांगितलं. हिंमतवाले त्यांना चालू कारखान्यांत भेटले आणि बंद पडलेल्यांतही तितकेच भेटले. फरक होता तो मध्ये. हिंमत कुठे लावायची, कुणासाठी, आणि कशाला नाही म्हणायचं, हे ज्यांचं ठरलेलं होतं ते तगले. बाई त्याला धोरण म्हणतात. आमच्याकडे तो शब्द नव्हता. आमच्याकडे वहिनी होत्या.

बाई, तुमच्या प्रश्नावलीत मी एक गोष्ट लिहिली नव्हती. मधलं पान असताना ते फाडून टाकलं तर काय होतं, हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हतात. आज न विचारता सांगतो. अध्यक्ष महोदय, माझी दहा मिनिटं संपली असतील. मला अजून थोडी लागतील. घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय.

अकरा वर्षांपूर्वी वहिनी आईच्या आजारपणासाठी दीड महिना माहेरी गेल्या होत्या. त्या दीड महिन्यात माझ्याकडे एका मोठ्या शाळेचं काम चालून आलं. चार हजार जोड्या. काळे, सारखे, डावा-उजवा एका मापाचे. मी त्याच दिवशी हो म्हणालो. विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी नव्हतं म्हणूनच मी त्या दिवशी हो म्हणालो. नवीन मशीन आलं, अकरा माणसं घेतली. जागा पुरेना म्हणून वेगवेगळ्या मापाच्या सुट्या बुटांचं बाकडं बंद केलं, जुने फरमे आणि कार्डांची पेटी मागच्या शेडमध्ये हलवली. गिऱ्हाइकांना सांगितलं, पुढच्या वर्षी या.

वहिनी परत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं. मग विचारलं, "कुणाला?"

मी म्हणालो, "शाळेला."

त्या म्हणाल्या, "शाळेला पाय नसतात, भाऊजी."

सगळ्या कारागिरांसमोर म्हणाल्या. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "दर वेळी तुमचं हेच. मालक मी आहे." वहिनी ठीक आहे म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. त्यानंतर आठ महिने त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. मशीनच्या आवाजात मला ती शांतता ऐकूच आली नाही.

त्या वेळी दादासाठी आम्हीच बूट करत होतो. त्याचा तो जाड तळाचा डावा बूट, दर वर्षी नवा. त्या वर्षी तो झाला नाही. दादा दिवसभर शाळेच्या मापाचे फरमे तपासायचा. जुना बूट झिजला, तळाचा जाड तुकडा सुटायला लागला. तो खळ लावून चिकटवायचा. एकदा मला म्हणाला, "माझा डावा फरमा दिसत नाही रे रॅकवर." मी म्हणालो, "शेडमध्ये असेल, बघतो." तो म्हणाला, "असू दे. शाळेचं उरकलं की शोध, नाहीच सापडला तर नवा कोरतो." सात महिने झाले होते. आठव्या महिन्यात, भर दुपारी, कारखान्याच्या तीन पायऱ्या उतरताना तो तुकडा निघाला. तीनच पायऱ्या. खुब्याचं हाड मोडलं. दादा पुन्हा बाकड्यावर बसला नाही. चौदा महिने अंथरुणात काढले आणि गेला. सगळ्या गावाच्या वेड्यावाकड्या पायांना बूट घालणाऱ्या कारखान्यात, ज्याच्या पायापासून हे सगळं सुरू झालं, त्या माणसाला एक बूट मिळाला नाही.

पुढच्या वर्षी शाळेने दुसरीकडून बूट घेतले. आमच्याकडे एकोणीस माणसं होती, त्यांची आठ झाली. मी घरी बसून भिंतीकडे बघायचो. दादा अंथरुणात होता, आणि वहिनी त्याचं सगळं आटोपून दुपारी दोन तास कारखान्यात जायच्या. शेडमधली कार्डांची पेटी त्यांनी आत आणली, पुसली, आणि एकेका गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायला बसल्या. "आपले बाकडे पुन्हा सुरू झाले आहे. मध्यंतरी आपली गैरसोय झाली." गैरसोय कुणी केली, हे पत्रात नव्हतं. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एक दिवस मी कारखान्यात गेलो आणि दारातून चाचरत म्हणालो, "वहिनी, आपण जर असं केलं तर..." त्या कार्डातून मान वर न करता म्हणाल्या, "कुणाला?" मी तिथेच स्टुलावर बसलो आणि रडलो. आज कारखाना उभा आहे तो त्या पत्रांवर.

परवा मी वहिनींच्या घरी नवा बोर्ड घेऊन गेलो. आपल्या रंगाऱ्यांनीच रंगवलाय, शिडीवर न चढता. त्यावर भागीदार म्हणून वहिनींचं नाव आहे, माझ्या नावाच्या आधी. कागदही केलेत, एकतीस वर्षं उशिरा. वहिनींनी अक्षरांवरून बोटं फिरवली. म्हणाल्या, "छान झालाय. पण भाऊजी, आता हे कुणाला?" त्याचं उत्तर आज देतो. वहिनी, मला. रोज सकाळी डोक्यात काहीतरी घेऊन मी त्या दारातून आत येणार, तेव्हा दारात कुणीतरी अडवायला पाहिजे.

आता शेवटचं. हे मी लिहून आणलेलं नाही.

वहिनींना आम्ही विचारलं होतं, कारखान्याकडून तुम्हाला काय हवं? त्यांनी एकच गोष्ट मागितली. दादाचा डावा फरमा. लेकीच्या घरी खिडकीत ठेवीन म्हणाल्या. इथे या टेबलावर फुलं आहेत, मानपत्र आहे, घड्याळ आहे. फरमा नाही. संघाचे लोक सकाळपासून मला विचारतायत, आणि मी आणतो आणतो म्हणतोय, जसं दादाला बघतो बघतो म्हणालो होतो.

वहिनी, तो फरमा नाही. त्या वर्षी जागा करताना मी कामगारांना सांगितलं होतं, नंबर असलेले फरमे शेडमध्ये ठेवा, बिननंबरचे सगळे टाकाऊ आहेत, बेकरीच्या भट्टीला जळण म्हणून देऊन टाका. दोन पोती गेली. दादाच्या फरम्यावर नंबर नव्हता. घरच्या माणसाला नंबर कशाला? दादाने मला विचारलं त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये शोधलं, आणि माझ्या लक्षात आलं. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी नवा कोरायला घेतला असता. तो वाट बघत राहिला, सापडेल म्हणून. तो गेल्यावर मी तुम्हाला सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. तुम्ही परवा जायच्या आधी मला हे सांगायचं होतं, आणि दोघंच असताना सांगायची हिंमत माझ्यात नाही. पाचपैकी पाच गुण दिले होते मी स्वतःला.

काय, वहिनी?... थांबा. त्यांना माइक नको आहे. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो.

वहिनी म्हणतात, "मला माहीत आहे. दर सोमवारी रॅक मी चाचपून पुसते. ती जागा अकरा वर्षं रिकामी आहे."

मग मागितलात कशाला, वहिनी?

त्या म्हणतात... एक मिनिट. पाणी द्या जरा.

त्या म्हणतात, "तुम्ही एकटेच हे ओझं किती दिवस वाहणार? सगळ्या जगाची कार्डं मी केली, भाऊजी. यांचं कार्ड मी केलं नाही. म्हणून नंबर नव्हता."

अध्यक्ष महोदय, मला आता पुढे बोलता येणार नाही. पण रीत पुरी करतो. आपण अध्यक्षस्थान भूषवलंत, प्राध्यापक बाई आल्या, रंगारी, व्यापारी, कारागीर, गिऱ्हाइकं, आपण सगळे आपापली कामं टाकून आलात, या सभागृहाच्या व्यवस्थेला ज्यांचे हात लागले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. वेळेचं भान राहिलं नाही, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, ते सभेने मोठ्या मनाने पोटात घालावं, ही विनंती.

माझी दुसरी एक माफी आहे. ती सभेची मागायची नाही. ज्यांची मागायची त्यांतला एक नऊ वर्षांपूर्वी गेला, आणि दुसऱ्या इथे मधल्या खुर्चीत बसल्यात.

वहिनी, कोरी कार्डं मी खिशात आणली आहेत. परवा गाडी दुपारची आहे. सकाळी कारखान्यात याल का? दादाचं कार्ड करू. तुम्ही सांगा, मी लिहितो.